बेल झाल्याशिवाय

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एकतीस वर्षं चौदा नंबरची बस चालवत होते. चौदा नंबर म्हणजे नदीकाठचा मार्ग. पाण्याच्या टाकीपासून जुन्या बंदरापर्यंत बावीस थांबे, अठ्ठेचाळीस मिनिटं. या एकतीस वर्षांत त्यांनी एकही थांबा वेळेआधी सोडला नाही. बस उशिरा आली तर माणूस शिव्या घालतो, पण शेवटी बसमध्ये चढतो. बस आधी निघून गेली तर वेळेवर आलेला माणूस काही चूक नसताना रस्त्यावर राहतो, असं त्यांचं म्हणणं. दोन मिनिटं लवकर पोचले तर ते इंजिन बंद करून दोन मिनिटं समोर बघत बसायचे. मी त्याच बसने कामावर जायचो. मी दातांच्या कवळ्या बनवतो, आमच्या प्रयोगशाळेत उशिरा आलेल्याला मालकीणबाई जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा जीव वरखाली व्हायचा, आणि हे महाराज ढिम्म.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांचं काय होतं ते ताईला विचारा. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात वेळापत्रक लागलं. चहा सहा पस्तीस, न्हाणीघर सात दहा ते सात बावीस. ताईने ते दहा दिवस सहन केलं. अकराव्या दिवशी कागद काढला, त्यात बटाट्याची सालं गुंडाळली आणि म्हणाली, "रोज चार तास घराबाहेर जायचं. कुठे ते मला सांगू नका."

भाऊजी नदीवर गेले. दुसरीकडे कुठे जाणार? एकतीस वर्षं ती जाताना त्यांच्या डाव्या आणि येताना उजव्या हाताला वाहत होती आणि त्यांनी तिच्यात बोटही बुडवलं नव्हतं. बंधाऱ्याखाली पत्र्याच्या शेडमध्ये वल्हवणाऱ्यांचा एक क्लब आहे. सिग्नलला गाडी उभी असताना लाल-पिवळ्या कयाक होड्या शेजारून निघून जायच्या, ते त्यांना कधीपासून खुपत होतं म्हणे. तिथे शिकवणाऱ्या बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका, तिशीतल्या, आवाज असा की पलीकडच्या काठावरचाही माणूस सरळ बसेल. त्यांनी भाऊजींना सांगितलं की वर्षातून एकदा मोठी शर्यत असते: दोन दिवस, एकशे तीस किलोमीटर, खाली जुन्या बंदराच्या पायऱ्यांपर्यंत. दुसऱ्या दिवशी पाचच्या आत पोचलं तर नाव यादीत, नाही तर नाही. भाऊजींना तो पाचचा आकडा आवडला. प्रश्न एकच होता. एकट्याची होडी या वयाच्या नवख्याला देत नाहीत, दोघांची घ्यावी लागते, आणि जोडीदार आपला आपण आणायचा.

ताईने तोंड उघडायच्या आतच हात जोडले. क्लबमधली बाकी मंडळी भाऊजींच्या निम्म्या वयाची. दोन आठवडे गेले. मग एका संध्याकाळी ते माझ्या घरी आले, खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मास्तरांना विचारशील का?"

मास्तर म्हणजे त्यांचे कंडक्टर. एकोणीस वर्षं एकाच बसवर, भाऊजी पुढे आणि मास्तर मागे. एकमेकांना कायम अहो-जाहो. ते यांना पायलट म्हणायचे, हे त्यांना मास्तर. आणि त्या संध्याकाळपर्यंत सहा वर्षं हे दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

झालं होतं असं. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी रस्ता खोदलेला असल्याने बस चार मिनिटं उशिरा चालली होती. दवाखान्याच्या थांब्यावर मास्तरांनी एका म्हाताऱ्या बाईंना खाली उतरवलं, पिशवी त्यांच्या हातात दिली आणि परत चढायला एक पाय पायरीवर ठेवला. भाऊजींना आरशात तो पाय दिसला. बस कंडक्टरच्या बेलवर सुटते. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. दोन टोले झाले नव्हते. पण चार मिनिटं डोक्यात होती आणि पाय आरशात होता. भाऊजींनी गाडी सोडली. मास्तर रस्त्यावर आपटले, डावा गुडघा दोन ठिकाणी मोडला.

चौकशी झाली. टेबलापलीकडे तीन साहेब. पहिलाच प्रश्न, बेल झाली होती का? मास्तर कुबड्या भिंतीला टेकवून म्हणाले, "हो, मीच दिली. चढायच्या आधी दिली, माझी चूक." शेजारच्या खुर्चीत भाऊजी बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. त्यांची नोकरी शाबूत राहिली, निवृत्तीच्या वेळी हार-तुरेही झाले. मास्तरांच्या नोंदवहीत 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' असा शेरा पडला आणि त्यांना मुख्य कार्यालयात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. खरं काय ते तिघांनाच माहीत होतं: भाऊजींना, मास्तरांना आणि ताईला. ताईला माहीत म्हणजे मलाही माहीत.

मला या गोष्टीचा राग होता, अजूनही थोडा आहे. माणूस दोन मिनिटं लवकर निघून कुणाला रस्त्यावर ठेवत नाही, आणि आपल्याच माणसाला सहा वर्षं खिडकीत बसवून ठेवतो. पण बहिणीचे यजमान, बोलायची सोय नाही.

मास्तरांशी माझं मात्र चांगलं होतं. बसमध्ये लोक छत्र्या विसरतात, एक बूट विसरतात आणि कवळ्याही विसरतात. कवळी आली की मास्तर मला फोन करायचे. कवळीवरून तोंड ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही. तर मी गेलो आणि होडीचं सांगितलं. त्यांनी एका छत्रीला चिठ्ठी बांधत ऐकून घेतलं. म्हणाले, "निरोप कशाला? त्यांना पाय आहेत की."

भाऊजी दुसऱ्या दिवशी गेले. तिथे यंत्रातून नंबर घेऊन बाकावर बसावं लागतं. त्यांनी नंबर घेतला आणि बसले. नंबर आल्यावर खिडकीशी गेले. हे मला नंतर मास्तरांनीच सांगितलं.

"काय हरवलंय?" मास्तरांनी विचारलं, सगळ्यांना विचारतात तसं.

"काही नाही. नदीवर शर्यत आहे. दोघांची होडी असते."

"माझा गुडघा पूर्ण वाकत नाही."

"होडीत पाय लांब करूनच बसायचं असतं."

मास्तर म्हणाले की यावर हसावं का खिडकी लावून घ्यावी, हे त्यांना पाच सेकंद कळेना. मग त्यांनी विचारलं, "रविवारी किती वाजता?"

पहिल्या रविवारी बाईंनी त्यांना होडीत बसवलं, वल्हं कसं धरायचं ते दाखवलं आणि त्या दुसऱ्यांकडे वळल्या. दोघं आपोआप बसमधल्यासारखेच बसले: भाऊजी पुढे, मास्तर मागे. आणि इथूनच तमाशा सुरू झाला. होडी सरळ जाईना. कधी उजवीकडे बंधाऱ्यावर, कधी डावीकडे नांगरलेल्या गाळ उपसायच्या बोटीकडे, मध्येच जागच्या जागी गोल. भाऊजी पुढून वल्ह्याने होडी वळवायला जीव काढायचे. तीन रविवार असे गेले. काठावर बसून मी कपाळाला हात लावला. क्लबची पोरं फोनवर व्हिडिओ काढत होती.

चौथ्या रविवारी बाई स्वतःची होडी घेऊन शेजारी गेल्या आणि ओरडल्या, "सुकाणू कोण धरतंय?"

"मी," भाऊजी म्हणाले.

"सुकाणू मागे आहे. मागच्याच्या पायाशी दोन पेडल आहेत."

मास्तरांनी खाली वाकून पाहिलं. "ही होय?" ते म्हणाले. "मला वाटलं, पाय ठेवायला दिलीत."

तीन रविवार त्यांनी दोन्ही पाय त्या पेडलांवर छान आरामात ठेवले होते. जो पाय दुखेल तो सैल सोडायचे, दुसऱ्यावर भार द्यायचे, आणि होडी त्यांच्या गुडघ्याप्रमाणे नदीभर हिंडत होती. बस ज्याने पुढून चालवली आणि ज्याने मागून तिकिटं फाडली, अशा दोघांनाच हे सुचू शकतं. जगात कुणीही विचारलं असतं की ही पेडलं कशाची. या दोघांच्या मनात शंकाच आली नाही, कारण गाडी पुढचा चालवतो.

भाऊजींनी लगेच जागा बदलायला लावली. ते मागे, मास्तर पुढे. मास्तर पंच्याण्णव किलोचे, खांदे कपाटाएवढे. होडीचं नाक पाण्यात आणि भाऊजींना समोर दिसतंय ते फक्त मास्तरांच्या बनियनचं लेबल. त्यात मास्तर दर दोन मिनिटांनी मान वळवून मागे बघायचे, जन्माची सवय. ते बघायला वळले की होडी कलंडायची. दोघं पाण्यात पडले तेव्हा भाऊजींनी हात टेकले.

काठावर टॉवेल गुंडाळून दोघं बसले होते. बाई म्हणाल्या, "तुमचं वल्हं घड्याळासारखं चालतं, तुम्ही पुढेच बसा. वेग तुम्ही ठेवायचा. वळवायचं काम यांचं."

"म्हणजे गाडी मास्तर चालवणार," भाऊजी म्हणाले.

"चालवणार दोघं. वळवणार ते."

भाऊजी बराच वेळ पायाचा अंगठा वाळूत फिरवत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे." मास्तरांनी टॉवेलने कान पुसले आणि म्हणाले, "एक अट आहे. सुटायचं माझ्या बेलवर." त्यांनी बोटाच्या पेराने होडीच्या अंगावर दोनदा ठोकून दाखवलं. टक टक. भाऊजी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "बरं."

त्यानंतर आठ महिने मी त्यांचा काठावरचा माणूस झालो. माझ्या गाडीत केळी, उकडलेले बटाटे, मीठ, कोरडे कपडे, चिकटपट्ट्या. सुरुवातीला चाळीस मिनिटं, मग दोन तास, मग शनिवारी पाच तास. आधी प्रवाहाविरुद्ध वर जायचं, तेही काठाकाठाने, तिथे पाणी मंद असतं. मग मधल्या धारेला लागून खाली यायचं. वळणावर बाहेरच्या बाजूने पाणी पळतं, आतल्या बाजूला झोपतं, हे मास्तर पंधरा दिवसांत शिकले. मालवाहू बोट गेली की तिच्या लाटा आडव्या घ्यायच्या नाहीत, होडीचं नाक तिकडे करायचं. वारा प्रवाहाच्या उलटा सुटला की नदी खडबडीत होते, तेव्हा वल्हं आखूड मारायचं. हाताला फोड येतात, फुटतात, मग तिथे कातडं जाड होतं. मनगट सुजतं. बसून बसून जिथे सोलपटतं ते मी सांगत नाही. भाऊजी मिनिटाला बावन्न वल्ही मारायचे, मोजून. त्रेपन्न कधी नाही, एक्कावन्न कधी नाही. दर पाऊण तासाने खायचं, भूक असो वा नसो. भाऊजींनी शर्यतीचं वेळापत्रक केलं, प्रत्येक थांब्याला आगमन आणि प्रस्थान अशा दोन रकान्यांत. ताईला ते दाखवायला गेले तर तिने बटाट्याची सुरी उचलली.

बोलणं म्हणाल तर जेवढ्यास तेवढं. "डावीकडे खांब." "दिसला." "पाणी?" "नको." मी वाट बघायचो की आता निघेल विषय, आता निघेल. पाच पाच तास दोन माणसं एका होडीत, चार फुटांवर, आणि एकाची पाठ दुसऱ्याच्या तोंडासमोर. भाऊजींना पाठ फिरवून बोलता येत नसेल, किंवा पाठ आहे म्हणून न बोलता येणं सोपं जात असेल. मी एकदा न राहवून म्हणालो, "भाऊजी, एकदा बोलून टाका ना त्यांच्याशी." ते म्हणाले, "काय बोलू?" आणि वल्हं पुसत बसले. मला इतका राग आला की बटाट्यांना मीठ लावायचं त्या दिवशी मुद्दाम विसरलो.

मात्र दर वेळी सुटताना ते वल्हं आडवं धरून, समोर बघत थांबायचे. मागे टक टक झाली की पहिलं वल्हं पाण्यात जायचं. माझं लक्ष असायचं, दर वेळी त्या आवाजाआधी त्यांचे खांदे वर चढलेले असायचे.

शर्यतीचा पहिला दिवस वेळापत्रकाबरहुकूम गेला, एका मिनिटाचाही फरक नाही. एका थांब्यावर चार मिनिटं लवकर पोचले तर भाऊजी चार मिनिटं बसून राहिले. तिथला पंच मला विचारायला आला की यांना काही होतंय का. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उलटा फिरला. वेळापत्रकात अठ्ठावीस मिनिटांची शिल्लक होती, ती सगळी त्याने खाऊन टाकली. शेवटचा सक्तीचा थांबा वीटभट्टीच्या धक्क्यावर, तिथून पायऱ्या सोळा किलोमीटर. तीन वाजून दोन मिनिटांनी दोघं तिथे लागले. दहा मिनिटं होडीबाहेर थांबायचा नियम. भाऊजींनी ओठ हलवून हिशेब केला. "तीन चौदाला सुटलो तर पाच," ते म्हणाले. "वर काही नाही."

मास्तरांचा गुडघा धरला होता. मी तो चोळला, त्या दिवशी माझ्यासोबत आलेल्या ताईने गरम पाण्याची पिशवी लावली. तीन बाराला पंचांनी हात वर केला. भाऊजी पुढे जाऊन बसले. मी आणि एका स्वयंसेवकाने मास्तरांना उचलून मागे बसवलं, तेव्हा तीन तेरा झाले होते. मी होडी धरून उभा, कंबरभर पाण्यात. भाऊजी वल्हं आडवं धरून समोर बघतायत.

टक टक होईना.

"भाऊजी, निघा," मी म्हणालो.

"बेल झाली नाही."

मी मागे पाहिलं. मास्तर तयार होते. पाय पेडलांवर, वल्हं मांडीवर, उजवा हात होडीच्या कडेवर. ते भाऊजींच्या पाठीकडे बघत होते. मी डोळ्यांनी विचारलं, काय? त्यांनी मला तळहात दाखवला, थांब म्हणून. तीन चौदा झाले. शेजारच्या दोन होड्या सुटल्या. काठावरून ताई ओरडली, क्लबच्या बाई ओरडल्या, त्यांचा आवाज तर मी सांगितलाच आहे. तीन पंधरा. भाऊजींच्या मानेची शीर उडत होती. आयुष्यात त्यांना उशीर एवढा समोर कधी दिसला नसेल. त्यांनी मागे पाहिलं नाही, पण वल्हंही हलवलं नाही. मला वाटलं की मीच ठोकून टाकावं दोनदा. हात उचललाही होता.

तीन सोळाला मास्तरांनी ठोकलं. टक टक.

मग ते जे काही गेले. बावन्न नव्हे, मी गाडीतून मोजलं, एकोणसाठ. शेवटचे आठ किलोमीटर चौदा नंबरच्या मार्गाला लागून आहेत. सिग्नलवर मी अडकलो आणि ते शेजारून निघून गेले, जसे इतर होडीवाले एकतीस वर्षं भाऊजींच्या शेजारून जायचे. एका चौदा नंबरच्या ड्रायव्हरने त्यांना ओळखून हॉर्न दिला. मी पायऱ्यांशी धावत पोचलो तेव्हा होडी लागत होती. घड्याळवाल्या बाईंनी आकडा वाचला: पाच वाजून एक मिनिट चाळीस सेकंद. यादीत नाव नाही.

माझा तोल गेला. "मास्तर," मी म्हणालो, "तीन मिनिटं तुम्ही नुसते बसून होतात. आठ महिने मी केळी वाहिली. बेल का नाही दिलीत?"

"हात उचलला होता," मास्तर म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता. "मग वाटलं, बघू या."

"काय बघू या?"

"तू गप्प बस," भाऊजी मला म्हणाले. ते अजून समोरच बघत होते. "ते बसले तेव्हाच मला कळलं. पंच्याण्णव किलोचा माणूस मागे बसला की होडी सांगते."

"मग निघायचं ना!"

"बेल झाली नव्हती."

आणि मग ते होडीत वळले. आठ महिन्यांत पहिल्यांदा. होडी हलली, मास्तरांनी पेडल दाबून सावरली. "त्या दिवशीही झाली नव्हती," भाऊजी म्हणाले. "चौकशीत मी सांगायला पाहिजे होतं. नोकरी जाईल म्हणून घाबरलो. मग तुमच्यासमोर यायची लाज वाटायला लागली."

"झाली नव्हती हे मला काय सांगताय, पायलट?" मास्तर म्हणाले. "बेलची दोरी माझ्याच ताब्यात असायची." त्यांनी वल्हं होडीत आडवं ठेवलं. "तुमची मुलगी तेव्हा कॉलेजात होती, म्हणून बोललो. वाटलं होतं, संध्याकाळी घरी याल. सहा वर्षं वाट बघायची तयारी नव्हती माझी." मग त्यांनी हात पुढे केला. "उठवा आता. गुडघा धरलाय."

भाऊजींनी त्यांना उठवलं. दोघांना नीट उभं राहायला चांगली पाच मिनिटं लागली. ताई माझ्या शेजारी रडत होती आणि मला रुमाल मागत होती, तो मीच वापरत होतो.

सोमवारी सकाळी मी भाऊजींना मुख्य कार्यालयात सोडलं, आतही गेलो. त्यांनी एक पानाचा अर्ज आणला होता: त्या दिवशी बेल झाली नव्हती, गाडी मी सोडली, कंडक्टरच्या नोंदवहीतला शेरा काढावा. कारकून म्हणाला, फाइल बंद झाली, सहा वर्षं झाली, आता काय उपयोग. भाऊजी म्हणाले की मास्तरांची नोकरी अजून एक वर्ष आहे, उपयोग आहे. शिवाय आपल्या पेन्शनवर गदा आली तर येऊ द्या. त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि शिक्का मारलेली पोच मागितली. पोच मिळाली.

ती घेऊन ते खाली हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीशी गेले. पुढे चार माणसं होती. मास्तरांनी काचेतून त्यांना पाहिलं, पण मध्येच बोलावलं नाही, आणि भाऊजीही पुढे झाले नाहीत. त्यांनी यंत्रातून नंबर घेतला आणि बाकावर बसले.